ट्रामवाल्या आईची लेक

नवरा गेल्यानंतर वर्धा-सेलू बसवर कंडक्टर म्हणून मी परतले, त्या पहिल्या दिवसाची गोष्ट. ओळखीचे प्रवासी माझ्याकडे बघायचं टाळत होते. पुढच्या सीटवरच्या एका वयस्क जपानी बाईने मात्र दोन्ही हातांनी तिकीट घेतलं, मान लववली आणि माझ्या खाकी गणवेशाकडे बघतच राहिली.

"मेरी माँ भी कंडक्टर थी," ती मोडक्या हिंदीत म्हणाली. "हिरोशिमा में. ट्राम पर."

युद्धात पुरुष लढायला गेले, तेव्हा ट्राम कंपनीने शाळकरी मुलींना कामावर घेतलं होतं. बॉम्ब पडला त्यात तिच्या आईच्या कितीतरी मैत्रिणी गेल्या. शहर जळून पडलेलं असतानाच काही दिवसांत एक ट्राम पुन्हा धावली, आणि तिच्यावर आई होती.

"रोना नहीं आया उनको?" मी विचारलं.

"आया. रोते रोते घंटी बजाई."

आपल्या थांब्यावर ती उतरली आणि रस्त्याच्या कडेला, माझ्याकडे तोंड करून, कमरेत वाकून उभी राहिली.

"काऊन वो बाई, निघू ना?" ड्रायव्हरभाऊंनी विचारलं.

इतके दिवस घरच्यांपुढेही न रडलेली मी त्या भरल्या बसमध्ये रडले, आणि डोळे न पुसताच डबल बेल दिली.