दादाकडे उरलेला शब्द

हे अजून माझ्या तोंडून बाहेर पडलेलं नाही. नवऱ्याजवळ नाही, देवापुढे नाही, एकटी असतानाही नाही. तुम्हाला सांगते, कारण तुम्ही मला ओळखत नाही. ओळखत असता, तर तुमच्याशीही बहुतेक खोटंच बोलले असते.

विरारच्या फुलपाड्यात माझं फुलांचं दुकान आहे. टोपली घेऊन रस्त्याच्या कडेला बसायचे, तिथून इथवर आले ती माझ्या जिभेच्या जोरावर. तरी भाव करताना माझी खरी रीत जिभेची नाही. आपलं शेवटचं सांगायचं आणि गप्प बसायचं. समोरच्याला ती शांतता सोसत नाही. तो बोलतो, आणि घसरतो. हे मी दादाकडून शिकले. वाडीत केळी घ्यायला व्यापारी यायचे, तेव्हा दादा ओटीवर असाच बसायचा — सुपारी कातरत, तोंड मिटून.

उमेळ्याची ती वाडी. बाबा गेल्यावर दादाने हक्कसोडीवर माझी सही घेतली. ‘बहिणी देतातच गं,’ म्हणाला. दिली. हाताने दिली, मनाने नाही. आणि मला सगळी वाडी कुठे हवी होती? बावखलाच्या, म्हणजे आमच्या गोड्या पाण्याच्या तळ्याच्या काठचा मोगरा हवा होता. तो आईने आणि मी लावलेला.

त्या सकाळी मी तेवढ्यासाठीच गेले. वहिनी आदल्या दिवशी माहेरी गेली होती. दादाने स्वतः चहा केला आणि आमची जुंपली.

“विरारला राहून जीभ लांब झाली तुझी.”

“तुझी वाडी लांब झाली दादा, माझी नुसती जीभ.”

तो हसला. खरंच हसला. मग मी माझं शेवटचं सांगितलं — मोगरा दे, नाहीतर या उंबऱ्याला पुन्हा पाय लावणार नाही. आणि गप्प बसले.

दादा म्हणाला, “घे...”

पुढे काहीच नाही.

मला वाटलं, माझ्यावर डाव टाकतोय. ज्याने शिकवला, त्याचाच डाव. त्याचा ओठ एका बाजूने खाली आला होता — मला वाटलं, वेडावतोय. हातातला कप कलंडला, चहा लुंगीवर सांडला, तरी तो हलला नाही. चटका सोसेल पण बोलणार नाही! केवढा हा हट्ट, असं मनात आलं. आणि मी हरणार नव्हते. बसून राहिले. किती वेळ? ओटीवरचं ऊन त्याच्या पावलांवरून पायरीपर्यंत सरकलं, तेवढा वेळ.

मग तो बसल्या जागी आडवा झाला.

शेजारच्या पास्कूने गाडी काढली. “बाय, डोकं धर त्याचं, रड मागाहून!” तो ओरडला. मी रडत नव्हते. मी विचार करत होते.

तुम्ही म्हणाल, ओळखता आलं नाही, एवढंच ना? तेवढंच असतं तर मी हे लिहायला बसले नसते.

दवाखान्यात तरुण डॉक्टरीणबाई होती. तिने पहिलं विचारलं, शेवटचं नीट कधी बोलले? पास्कू माझ्या मागेच उभा. मला पुढचं सगळं दिसलं — मोगऱ्यासाठी भांडायला आली आणि भावाला लोळवून गेली, हे गाव मी मरेपर्यंत म्हणणार. मी म्हटलं, “मी आले तेव्हा असेच होते.”

डोक्याचा फोटो काढून ती परत आली. वहिनीशी फोनवर बोलली होती. मेंदूची नस गुठळीने बंद झालीय, म्हणाली. रक्त मिळेना म्हणून काही पेशी मेल्या, पण आजूबाजूच्या अजून तग धरून आहेत. त्या वाचवायला इंजेक्शन आहे, पण ठरावीक तासांच्या आत. उशिरा दिलं तर मेंदूत रक्तस्राव व्हायचा धोका. वहिनी दादाशी शेवटचं बोलली ती काल रात्री, फोनवर. तिथून मोजलं तर वेळ गेलीय.

“नीट आठवा, मावशी. आज सकाळी त्यांना बोलताना कोणी ऐकलं?”

वेळ होती. माझ्याशिवाय कुणालाच ते माहीत नव्हतं. एक वाक्य बोलायचं होतं — मी, आयुष्यभर बोलून पोट भरणारी. आणि दादा स्ट्रेचरवरून माझ्याकडे बघत होता.

“नाही,” मी म्हटलं.

त्या इंजेक्शनाने सगळ्यांनाच गुण येतो असं नाही, असं नंतर ती डॉक्टरीणबाईच वहिनीला म्हणाली. या वाक्याला मी किती रात्री धरून लटकले! पण गुण आला असता की नसता, हे कळायची वेळच मी येऊ दिली नाही.

वहिनी माझ्या गळ्यात पडली. तू गेलीस म्हणून हे जिवंत राहिले, म्हणाली. आणि महिनाभराने आपणहून म्हणाली, बावखलाकडचा मोगरा तुझा. मी नको म्हटलं असेल, असं वाटतंय तुम्हाला?

घेतला.

दादाची उजवी बाजू गेली. बोलणं गेलं, एक शब्द सोडून. पाणी हवं असलं की ‘घे’. नको असलं तरी ‘घे’. दुखलं, चिडला, नातवंडं आली — ‘घे’. वहिनीला नवल वाटतं, एवढ्या शब्दांतून हाच कसा राहिला? मला माहीत आहे. तो त्याच्या ओठावर होता तेव्हाच सगळं थांबलं. ‘घे, तुझाच आहे’ म्हणणार होता, की ‘घेऊन दाखव’? ते त्या पेशींबरोबर गेलं. वहिनीला इतकंही सांगता येत नाही, की हा त्याचा शेवटचा शब्द होता. कारण मी आले तेव्हा तो असाच होता.

रोज पहाटे मी मोगरा खुडायला जाते. ओटीवरून जावं लागतं. तो बघतो आणि म्हणतो, “घे.”

मी टोपली उचलते आणि बावखलाकडे जाते.