पप्पांचा विकल्प

मानपाड्याची कंपनी बंद पडली आणि पप्पा घरी बसले. कळव्याच्या चाळीत एक खोली, त्यात आम्ही पाच जण. आईच्या शिलाई मशीनवर घर चालायचं. काम गेल्याचं पप्पा कधी बोलले नाहीत, पण कुणी वाटीभर भाजी पाठवली की विचारायचे, "का दिली?" शेजारी हसला की, "आपल्याला हसला." आई म्हणायची, "ह्यांच्या मनात विकल्प आलाय." मला तो खोकल्यासारखा काहीतरी आजारच वाटायचा.

मी बी.ए.ला होते, परीक्षा तोंडावर आलेली. मशीनच्या आवाजात वाचन होईना म्हणून चाळीच्या जिन्यात बसायचे. आमची घरमालकीण इथलीच, जुनी आगरी बाई. तिने पाहिलं.

"काय गो, जिन्यात कशाला बसतेस? माझी वरची खोली रिकामीच हाय, तिथं वाच." आणि किल्ली हातात दिली.

पप्पा म्हणाले, "परत देऊन ये. फुकट कोण देतं? उद्या म्हणेल, खोलीतली वस्तू गेली."

दुसऱ्या दिवशी कॉलेजात मैत्रिणीच्या हिंदीच्या पेपरात वाचलं, 'सही विकल्प चुनिए.' मला हसूच आलं. बरोबर संशय निवडा? मराठीच्या सरांना विचारलं. ते म्हणाले, शब्द संस्कृत. कल्प म्हणजे मनात रचणं, वि म्हणजे वेगळं. समोर एक असतं, मन दुसरंच रचतं. हिंदीने त्यातून पर्याय घेतला, आपण संशयही ठेवला. संकल्पसुद्धा याच घरातला.

हे मी घरी जाऊन सांगितलं. "पप्पा, ती आळ घेईल हे तुम्ही रचलंत. दुसरंही रचून बघा ना."

"दुसरं काय?"

"तिला पोरीने शिकावं असं वाटत असेल."

"कॉलेजात हेच शिकवतात? यासाठी फी भरतो आपण?"

आईने मशीन थांबवलं. "आपण नाही, मी भरते."

पप्पा उठले. मग मी अजून परत न दिलेली किल्ली घेऊन स्वतःच खोली बघून आले. "एक टेबल आहे. चोरायला आहेच काय तिथे," असं चिडूनच म्हणाले. संध्याकाळी जाऊन तिथली बंद पडलेली ट्यूबही बदलून दिली. विकल्प काही पुरता गेला नाही. मी निघाले की कुलूप ओढून बघायला ते वर यायचेच.

त्या खोलीत वाचून मी मराठी घेऊन बी.ए. झाले. आमच्या घरात त्याआधी कुणी झालं नव्हतं.