भुऱ्याचे खेळ आणि नाईक शेलार

भोसरीच्या पुढे, नाशिक रस्त्याच्या उजव्या हाताला, इंद्रायणीच्या अलीकडे आमचा कॅम्प होता. मी सांगतो ते पन्नास सालानंतरच्या दशकातलं. पिंपरीला औषधाचा कारखाना नुकताच उभा राहिला होता. बाकी कासारवाडी स्टेशनपासून चाकणपर्यंत ज्वारी, बाभळी आणि माळ.

कॅम्प लहान होता. आमचं काम रेंज सांभाळायचं. पलटणी फायरिंगला यायच्या. आम्ही लाल निशाणं लावायची, सेंट्री उभे करायचे आणि आदल्या दिवशी आसपासच्या गावांत दवंडी पिटवायची. फायरिंग संपलं की न फुटलेले बॉम्ब शोधून उडवायचे. फौजेत त्याला ‘ब्लाइंड’ म्हणतात. दिसायला तो निर्जीव लोखंड असतो. त्याला हात लावायचा नसतो, धक्काही लागू द्यायचा नसतो. मी लान्स नाईक होतो, वायरलेसवर. माझ्या शेजारच्या खाटेवर नाईक शेलार. जावळीचा माणूस, मोजकं बोलणारा. घरी फक्त आई.

दिवाळी होऊन गेल्यावर भिवा नावाचा एक म्हातारा धनगर मेंढरं घेऊन कोकणाकडे निघाला होता. आमच्या गेटसमोर त्याच्या कुत्र्याला लॉरीची धडक बसली. मागचा पाय मोडला. भिवा त्याला खांद्यावर घेऊन गेटवर आला.

"घाट उतरायचा न्हाई ह्याच्यानं," तो म्हणाला. "परत येईस्तवर ठेवाल का? नाव भुऱ्या."

शेलारने कुत्रं हातात घेतलं. मग त्याने एक प्रश्न विचारला, जो मला तेव्हा विचित्र वाटला. "ह्याला शिट्टी कशी मारता?"

भिवाने दाखवलं. लांब शिट्टी म्हणजे डावीकडून वळसा. तुटक दोन म्हणजे उजवीकडून. खाली उतरत जाणारी एक म्हणजे थांब. "थांब मातूर ऐकत न्हाई," भिवा म्हणाला. "लई तापट हाय."

शेलारने बांबूच्या कामट्या लावून पाय बांधला. थंडी सरेपर्यंत पाय बरा झाला आणि तिथून आमची कटकट सुरू झाली. धनगरांची बरीच कुत्री राखणीची असतात. हा मेंढरं वळवणारा होता, आणि कॅम्पात मेंढरू नव्हतं. म्हणून तो सापडेल ते वळवायला लागला. लंगरच्या, म्हणजे आमच्या स्वयंपाकघराच्या, कोंबड्या त्याने एका कोपऱ्यात दाबून धरल्या, त्यातल्या दोन गुदमरून मेल्या. सकाळच्या दौडीत तो जवानांच्या टाचांना दात लावून सगळ्यांना एका घोळक्यात आणायचा. भोसरीचा गवळी सायकलवरून पडला आणि दूध सांडलं. बांधून ठेवला तर तो खुंट्याभोवती फिरत राहायचा, आणि खुंट्याभोवती जमिनीत गोल चर पडला.

कॅम्पचे प्रमुख सुभेदारसाहेब, त्यांनी शेलारला समोर उभं केलं.

"शेलार, या जनावराला काम द्या. नाहीतर गेटबाहेर काढा."

"जी साहेब. काम देतो."

त्या संध्याकाळपासून शेलार खेळणी करायला बसला.

पहिला फुटबॉल. तो भुऱ्याने पहिल्याच मिनिटाला फोडला. मग शेलारने हिशेब केला की चेंडू जबड्यात मावता कामा नये. पी.टी. स्टोअरमध्ये चामड्याचा एक मोठा जड चेंडू फाटून पडला होता. त्यात त्याने पेंढा दाबून भरला आणि दाभणाने शिवला. भुऱ्याला तो चावता येईना. नाकाने, खांद्याने ढकलावा लागे. ढकलला की चेंडू पळायचा, पळाला की भुऱ्या वळसा घालून पुढे जायचा आणि त्याला परत आणायचा. पहिल्या दिवशी त्याची जीभ जमिनीला टेकेपर्यंत खेळ चालला. रात्री तो खाटेखाली झोपला, खुंट्याची गरज लागली नाही.

पण दुपारचं ऊन चढल्यावर असं पळवता येत नसे. त्यासाठी सुक्या नारळाच्या करवंटीला भोक पाडून शेलार आत भाकरीचे तुकडे कोंबायचा. ती लोळवून लोळवून एकेक तुकडा बाहेर काढण्यात भुऱ्याची दुपार जायची. तंबूच्या जुन्या दोराला गाठी मारून ओढाओढीचं खेळणं केलं. त्याचा नियम एकच होता. ‘सोड’ म्हटल्यावर सोडायचं, तरच पुन्हा ओढायला मिळेल. कधी माझा मोजा घेऊन तो गवतात लपवायचा आणि भुऱ्याला शोधायला लावायचा. माझे मोजे तेव्हापासून कधी जोडीने राहिले नाहीत.

सगळ्यात जास्त वेळ त्याने थांबण्याच्या खेळाला दिला. चेंडू उतारावरून सोडायचा, भुऱ्या सुटायचा, आणि मध्येच उतरती शिट्टी. आधी तो ऐकायचाच नाही. नाही थांबला की शेलार चेंडू उचलून काखेत मारायचा आणि पाठ फिरवायचा. खेळ बंद. थांबला की लगेच चेंडू पुन्हा सोडायचा.

मी विचारलं, "एवढी मेहनत का घेतोस याच्यावर? पळतोय ते पळू दे की."

"पळायला काय, ते त्याच्या रक्तात हाय," शेलार म्हणाला. "थांबलो म्हंजे खेळ संपला असं त्याला वाटतंय. थांबल्यावर खेळ पुढं चालतो, एवढं त्याला कळलं की झालं."

उन्हाळा लागेपर्यंत ते भुऱ्याला कळलं. भर वेगात असला तरी शिट्टीसरशी पोट जमिनीला लावायचा. सुभेदारसाहेब चहाचा मग घेऊन बघायला येऊ लागले. मोठमोठी माणसं संध्याकाळी कुत्र्याचा खेळ बघत बसायची. घरं लांब होती सगळ्यांची.

मे महिन्यात एक पलटण तीन इंची मॉर्टरच्या, म्हणजे उखळी तोफांच्या, फायरिंगला आली. दवंडी झाली होती. निशाणं वर होती. सेंट्रींनी ‘ऑल क्लिअर’ दिला. त्यांना रेंजमधल्या नाल्याचा तळ दिसत नव्हता, कारण तिथं दरडीखाली मोठी घळ होती. भिवा रात्रीचा कोकणातून परत आला होता आणि त्याने मेंढरं त्या घळीत बसवली होती. दवंडी त्याच्या कानावर पडलेलीच नव्हती.

पहिले काही बॉम्ब पडले. त्यातले दोन फुटले नाहीत. टेकडीवरच्या ओ.पी.ने, म्हणजे बॉम्ब कुठे पडतो ते बघणाऱ्याने, त्यांची जागा सांगितली, मी लिहून घेतली. पुढचे बॉम्ब नळीत जायच्या आत नाल्यातून मेंढरं उसळली आणि सगळ्या टारगेट एरियात फाकली. त्यांच्या मागे हात पसरून पळणारा एक माणूस.

"स्टॉप! स्टॉप! स्टॉप!"

ओ.पी. ओरडला आणि मी ओरडलो. मॉर्टर थांबले.

भोंग्यातून हाका मारल्या. भिवा येईना. मेंढरं टाकून धनगर येत नाही.

भुऱ्या शेलारच्या पायाशी होता. त्याचे कान ताठ होते आणि सगळं अंग थरथरत होतं. कळप त्याने ओळखला होता.

"साहेब," शेलार म्हणाला, "मेंढरं भाईर आली की तो बी येईल. कुत्रं सोडतो."

सुभेदारसाहेबांनी माळाकडे पाहिलं. "सोड. तू इथून हलायचं नाही."

लांब शिट्टी गेली. भुऱ्या डावीकडून मोठा वळसा घालून सुटला. इतके महिने पेंढ्याच्या चेंडूमागे पळालेलं ते कुत्रं त्या दिवशी आपल्या खऱ्या कामावर होतं. फाकलेली मेंढरं हळूहळू एक होऊ लागली.

वायरलेसवर ओ.पी.चा आवाज आला; ‘वन’ म्हणजे आमचं ठाणं. "हॅलो वन. कळप सरळ ब्लाइंडवर चाललाय. थांबवा. ओव्हर."

"शेलार, थांबव!" मी ओरडलो.

उतरती शिट्टी. भुऱ्याने तिथल्या तिथे पोट टेकलं. मागचा दाब गेला तशी मेंढरंही थबकली.

"हॅलो वन. आता नाल्याच्या काठाने काढा. ओव्हर."

तुटक दोन शिट्ट्या. भुऱ्या उजवीकडून फिरला आणि कळपाचं तोंड वळलं. नाल्याच्या काठाने सगळी मेंढरं एका रांगेत आमच्याकडे आली. मला आठवतं, मॉर्टरवरच्या एका जवानाने टोपी काढून हातात धरली होती.

भिवा मात्र आला नाही. एक गाभण मेंढी पाय मोडून पडली होती. तो तिच्याजवळ बसून राहिला होता. बॉम्बच्या आवाजाने त्याचे कान बंद झाले असावेत. हाकेला तो मानही वळवत नव्हता.

"साहेब, मी आणतो," शेलार म्हणाला. "मेंढरांच्या वाटेनं जातो, त्याच वाटेनं येतो."

साहेब म्हणाले, "जा. वाट सोडू नको."

शेलारने भुऱ्याला थांब म्हटलं. भुऱ्या थांबला. शेलार खुरांच्या ठशांवरून चालत गेला. त्याने भिवाला दंडाला धरून उठवलं, वाटेवर आणलं आणि पुढे घातलं. स्वतः मागे राहिला. दोघं निम्म्याहून अधिक आले. मालक निघालेला बघून ती मेंढी तीन पायांवर उठली. तिला वाट ठाऊक नव्हती. ती सरळ रेषेत मालकाकडे निघाली.

धुरळा आधी दिसला, आवाज नंतर आला.

भिवा पडला, पण उठला. त्याला खरचटलंही नव्हतं. सगळे छर्रे मागून आले होते आणि मागे शेलार होता.

त्या वेळी भुऱ्याने थांब मोडलं. आमच्या सगळ्यांच्या आधी तो त्याच्यापर्यंत पोहोचला. मी आणि स्ट्रेचरवाले गेलो तेव्हा शेलार कुशीवर पडला होता आणि भुऱ्या त्याच्या छातीला चिकटून बसला होता. शेलारचा हात त्याच्या मानेवर होता.

"म्हातारा?" त्याने विचारलं.

"बाहेर आहे. धडधाकट आहे."

"बरं."

पुढे तो बोलला नाही. दवाखान्याकडे नेणारी गाडी कासारवाडीच्या फाटकापर्यंत पोहोचायच्या आत तो गेला.

भिवा दुसऱ्या दिवशी कॅम्पात आला. गेटवर उभा राहिला, आत येईना. "माझ्यापायी तुमचा मानूस गेला," तो म्हणाला. "कुत्रं तुमीच ठेवा. माझ्याकडं देण्यासारखं दुसरं काय न्हाई."

सुभेदारसाहेब स्वतः बाहेर गेले. त्यांनी भुऱ्याची दोरी भिवाच्या हातात दिली. "त्याला मेंढरं पाहिजेत," ते म्हणाले. "शेलारला ते माहीत होतं. घेऊन जा." भुऱ्या चाकणच्या दिशेने गेला. वळणापर्यंत तो मागे बघत होता. मग कळप फाकायला लागला आणि त्याला पुढे बघावं लागलं.

शेलारचं सामान पोहोचवायला मला पाठवलं. जावळीत मोटार जात नव्हती. ट्रंक डोक्यावर घेऊन चढलो. त्याची आई अंगणात नाचणी पाखडत होती. तिला बातमी आधीच कळली होती. तिने मला पाणी दिलं, पाठोपाठ भाकरी वाढली. मी जेवेपर्यंत तिने काही विचारलं नाही. मग विचारलं.

"शेवटाला जवळ कोन हुतं?"

मी खरं ते सांगितलं. "आम्ही पोहोचेपर्यंत कुत्रं होतं, आई. त्याने सांभाळलेलं. त्याला चिकटून बसलं होतं."

तिने सूप खाली ठेवलं.

"म्हंजे एकला न्हवता," ती म्हणाली.

"नाही, आई. एकटा नव्हता."

तिने मान हलवली आणि पदर तोंडाला लावला. त्यानंतर ती रडली.

मी फौजेतून सुटल्यावर कासारवाडीत राहिलो. लोक मला लढायांबद्दल विचारतात. मी त्यांना नाईक शेलारबद्दल सांगतो.