बिनऔषधवाले उंदीर

माझे उंदीर मरत नव्हते, आणि त्या उन्हाळ्यात याहून मोठं संकट माझ्या आयुष्यात नव्हतं.

आज हे लिहिताना हसू येतं. तेव्हा रडू यायचं. सत्तरच्या दशकाची अखेर, नागपूरचा मे महिना, आणि मी कॅन्सरवर पीएच.डी. करत होते. प्रयोग सांगायला एकदम सोपा. पांढऱ्या उंदरांचे दोन गट करायचे. एकाला क्षयाची लस टोचायची, दुसऱ्याला नुसतं मिठाचं पाणी. मग दोन्ही गटांच्या पोटात कॅन्सरच्या पेशी टोचायच्या आणि वाट बघायची. आपल्या अंगात काही पेशी जन्मापासूनच पहाऱ्यावर असतात. त्यांना कोणी शिकवावं लागत नाही, परकं दिसलं की गिळायचं, एवढंच त्यांना ठाऊक. क्षयाच्या लसीनं या भक्षक पेशी चवताळतात आणि कॅन्सरवरही तुटून पडतात, असं आमचं म्हणणं होतं. ते खरं ठरायचं तर लसवाले उंदीर जगायला हवे होते आणि पाणीवाले मरायला.

लसवाले जगले. पाणीवालेही जगले! चांगले टुणटुणीत. पोट फुगलेलं नाही, गाठ नाही, काही नाही. जाळीवर चढून मिशा हलवत माझ्याकडे बघत बसायचे. ‘मरा ना मेल्यांनो!’ असं मी एकदा भर प्राणीघरात मोठ्यांदा ओरडले, तेव्हा शेजारच्या खोलीतून कोणीतरी डोकावून गेलं.

माझ्या मार्गदर्शक सरांनी खापर माझ्यावरच फोडलं. ‘बाई, तुम्हाला टोचता येत नाही,’ ते म्हणाले. ‘नाहीतर उन्हात पेशी मारून टाकल्या असतील तुम्ही.’ पेशी जिवंत होत्या, मी स्वतः सूक्ष्मदर्शकाखाली बघितल्या होत्या. पण सरांपुढे बोलायची सोय नव्हती. नवे उंदीर घेऊन सगळं पुन्हा केलं. पुन्हा तेच. मधूनच लाईन जायची, कूलर बंद पडायचा आणि प्राणीघर भट्टीसारखं तापायचं. तिकडे खापरखेड्याच्या वीजकेंद्रात चोवीस तास धूर आणि इकडे आमच्या पंख्याला वीज नाही, म्हणून मी चरफडायची. तशातही ते उंदीर मरत नव्हते. माझी शिष्यवृत्ती त्याच वर्षी संपणार होती.

घरी आत्या होती. वडिलांची थोरली बहीण, काटोलकडची. गालात तंबाखूची गोळी धरून तिनं सारा जन्म शेतात काढला आणि आता त्याच गालात कॅन्सर निघाला होता. इस्पितळात किरणांचा शेक चालू होता. रोज सकाळी सायकलरिक्षात बसवून वडील तिला नेत आणि आणत. तोंड जेमतेम बोटभर उघडायचं, त्यातून वरणाचं पाणी जाईल तेवढंच. पण जीभ चालूच होती. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला ती सांगायची, ‘आमची पोरगी कॅन्सरचं औषध बनवून राहिली.’

माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. औषध कसलं? मी उंदरांची पोटं चाचपत होते! पण तिला ते पटायचं नाही. रोज संध्याकाळी मी चपला काढायच्या आत खाटेवरून प्रश्न यायचा, ‘कसे हायेत वं उंदरं?’ तिनं त्यांची नावंही पाडली होती, औषधवाले आणि बिनऔषधवाले.

दुसऱ्यांदा प्रयोग फसला त्या दिवशी मी आले ती पर्स आपटून भिंतीला टेकून बसले.

‘काहून वं, तोंड काहून पाडलं? मेले का सगळे?’ तिनं विचारलं.

‘मेले असते तं बरं झालं असतं. सगळे जिवंत आहेत.’

‘बिनऔषधवाले बी?’

‘ते बी.’

ती कोपरावर उठून बसली. ‘अन् त्याईच्या पोटात तू कॅन्सर टाकला होता ना?’

‘हो.’

‘मंग त्याईले काय देलं तू?’

‘काहीच नाही वं आत्या. तेच तं सांगून राहिली. त्याईले काहीच नाही दिलं!’

अगदी सहज, वाटीभर साखर मागावी तशी ती म्हणाली, ‘मंग मले तेच दे.’

मी चिडले. तसं नसतं, तू उंदीर नाहीस, तुला काही समजत नाही, असं बरंच बोलले. आई स्वयंपाकघरातून ओरडली, ‘अगं, तिच्यावर काय तोंड टाकतेस!’ आत्या भिंतीकडे वळून निजली. मला मात्र झोप लागेना. आत्या विचारत होती तेच तर मी विचारायला हवं होतं. मी आपली हे मरत का नाहीत म्हणून कावले होते. हे जगले कशानं, हे मी एकदाही विचारलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी कळलं. प्राणीघर सांभाळणारे भाऊ उंदरांच्या पाण्याच्या बाटल्या भरत होते, त्या थेट कूलरच्या टाकीत बुडवून. टाकीचं पाणी हिरवट झालेलं, तळाला बोटभर शेवाळ, वर कूलरच्या जाळीतल्या कुजलेल्या खसचे, म्हणजे वाळ्याचे, तुकडे तरंगत होते.

‘भाऊ, हे काय करून राहिले तुम्ही?’

‘नळाचं पाणी तापते ना बाई,’ ते म्हणाले. ‘एवढ्या उन्हात मुक्या जिवाले गरम पाणी कसं पाजाव? हे थंडगार हाय.’

मी कपाळाला हात लावला. पण राग पुरता वर येण्याआधीच डोक्यात चक्र सुरू झालं. त्या पाण्यात कोट्यवधी जंतू असणार. रोज थोडे थोडे पोटात जात होते. मारण्याइतके नाहीत, पण पहारेकऱ्यांना डिवचण्याइतके नक्की. रात्री गल्लीतली कुत्री एकदा उठली की येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकावर भुंकतात, तसं. मी लस देण्याआधीच त्या सगळ्या उंदरांच्या भक्षक पेशी जाग्या झाल्या असल्या तर? तर मग पाणीवाले उगीच वाचले नव्हते.

मी अक्षरशः धावत सरांकडे गेले. म्हटलं, हे तपासू या, एका गटाला टाकीचं पाणी, एकाला उकळलेलं. त्या पाण्यात नेमकं काय आहे ते शोधू. सरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

‘म्हणजे आता तुम्ही गटाराच्या पाण्यावर पीएच.डी. करणार?’

‘सर, पण ते उंदीर वाचले...’

‘तुमचा विषय लस आहे. कूलर नाही. टाकी घासून घ्या, पाणी उकळून द्या आणि प्रयोग नीट करा.’

अजून तो आवाज आठवला की माझ्या कपाळाची शीर उडते. आज माझी भाची पुण्याला याच विषयात आहे. विषाणूचं टरफल पोकळ करून त्यात जनुक भरतात आणि ते कॅन्सरच्या गाठीत पोचवायला बघतात. फोनवर ती कुरकुरते की जनुक पोचायच्या आधीच भक्षक पेशी ते टरफल गिळून टाकतात. त्यांना कधी झोपवावं आणि कधी जागं करावं, यावर आता मोठमोठ्या परिषदा भरतात म्हणे. भरोत बापड्या. मला टाकी घासायला लावली होती.

घासली. भाऊंनी आणि मी मिळून, खस बदलून, चुना मारून. पाणी उकळून गार करून दिलं. नवे उंदीर आले. या खेपेला सगळं पुस्तकात लिहिल्यासारखं झालं. लसवाल्यांतले बहुतेक वाचले, पाणीवाल्यांची पोटं फुगली आणि ते एकेक करून मेले. आकडे बघून सर खुर्चीतून उठले. ‘व्वा! आता कसं बरोबर आलं!’ म्हणाले आणि सगळ्यांसाठी संत्रा बर्फी मागवली.

त्यातल्या दोन वड्या कागदात बांधून मी घरी आणल्या. आनंद झाला नव्हता असं म्हणणार नाही. प्रबंध सुटला होता. आत्याचा शेक तोवर संपला होता आणि गालाची गाठ तरीही वाढत होती. डॉक्टरांनी वडिलांना बाजूला घेऊन जे सांगायचं ते सांगितलं होतं. आता ती उठून बसायची नाही, पण प्रश्न ठरलेला होता.

‘कसे हायेत उंदरं?’

‘औषधवाले वाचले, आत्या. प्रयोग जमला एकदाचा.’ मी वडी कुस्करून तिच्या ओठाशी नेली.

तिनं ओठ मिटून घेतले. ‘अन् बिनऔषधवाले?’

‘ते मेले.’

‘सगळे?’

‘सगळे.’

‘मांगच्या वख्ती तं वाचले होते.’

‘मागच्या वेळी चुकलं होतं वं. पाणी घाण होतं. आता बरोबर झालं.’

तिनं माझ्या हातातल्या बर्फीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. आवाज पार बसला होता, तरी एकेक शब्द मला नीट ऐकू आला.

‘मंग ते चुकलेलंच बरं होतं वं, बाई.’