चौकातल्या बोर्डावरचा हात

बोर्डावर प्रकाशभाऊच्या खांद्यावर जो हात दिसून राहिला, तो वहिनींचा आहे.

कालपासून जो तो विचारतो. "डिझाइनमध्ये मिस्टेक झाली वाटते" म्हणून फोन येतात. एकाने तर फोटोवर लाल गोल करून पाठवला, जसं काही मला दिसतच नाही.

म्हणून एकदाच लिहितो. मिस्टेक नाही. मुद्दाम ठेवला आहे.

आमचा प्रकाशभाऊ शुक्रवारी गेला. दुपारी जेवून आडवा झाला, तो उठलाच नाही. पन्नाशीही नव्हती.

अकोल्यात फोटो स्टुडिओ आम्हा दोघांचा, भागीदारीतला. शूटिंग दोघं करायचो, पण अल्बमचं डिझाइन म्हणजे भाऊच. मला फोटोशॉप त्यानेच शिकवलं. पहिल्याच दिवशी मी इरेजर घेतला, तर माझ्या हातातून माउस काढून घेतला.

"इरेजर नाई घ्याचा, मंग्या. इरेजरनं माणूस जाते. मास्कनं फक्त झाकल्या जाते."

मग त्याने लेयरवर मास्क टाकला, ग्रेडियंट घेतला आणि काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत एक ओढ दिली. नवरदेवाच्या मागच्या प्लास्टिकच्या खुर्च्या हळूहळू विरत गेल्या आणि खालच्या लेयरवर ठेवलेले चिखलदऱ्याचे डोंगर दिसायला लागले.

मास्कवर काळं तिथं लपते, पांढरं तिथं दिसते, मधात धुकं. एवढंच आहे ते. ओढ लहान दिली की कापल्यासारखं दिसते. लांब दिली की कुठं काय संपलं ते कळतही नाही.

भाऊची ओढ कायम लांब. माझी लहान.

"तुले कायची घाई हाय बापा?" हे मी रोज ऐकलं आहे.

एकदा धामणगावचे एक काका आले. मुलीच्या लग्नात सख्ख्या धाकट्या भावाशी वाजलं होतं. अल्बममधून त्याले काढा, म्हणे. प्रकाशभाऊने ग्रेडियंट मारून धाकट्याच्या जागी मंडपाची फुलं आणली. काका खुश.

दिवाळीनंतर काका परत आले. खाली मान घालून म्हणाले, "वापस टाकता येते का हो त्याले?"

भाऊने मास्क डिलीट केला. धाकटा जसाच्या तसा उभा, हातात जिलबी.

त्या दिवशी आम्ही दोघं पोट धरून हसलो.

आता बोर्डाचं.

श्रद्धांजलीच्या बोर्डासाठी फोटो पाहिजे होता, आणि भाऊचा फोटोच नव्हता. जिंदगीभर कॅमेऱ्याच्या मागे राहिला. आधार कार्डावर तर असा दिसतो की घरचेही ओळख देणार नाहीत.

शेवटी एक सापडला. तेल्हाऱ्याला त्याच्या पुतणीच्या लग्नात मीच काढलेला. तेव्हा मी वहिनींना म्हटलं होतं, "भाऊच्या खांद्यावर हात ठेवा ना."

"बंदे लोक पाहून राहिले," म्हणाल्या.

मग ठेवला. आणि भाऊ हसला. तसा तो रोजच हसायचा, पण फोटोत हसलेला एवढाच.

बोर्डावर जिवंत माणूस चालत नाही, लोक अपशकुन मानतात. हे मलाही माहीत आहे, असे कितीतरी बोर्ड आम्ही केलेत. लॅपटॉप घेऊन भाऊच्या घरी गेलो. त्याचे थोरले भाऊ गजूदादा शेजारी बसले. मी मास्क टाकला, वहिनींच्या बाजूने ग्रेडियंट ओढला. वहिनी गेल्या. हातही गेला.

भाऊ एकटाच हसत राहिला. कशाला हसून राहिला तेच कळेना.

"बरोबर हाय," गजूदादा म्हणाले.

वहिनी आतून आल्या. स्क्रीनकडे पाहत उभ्या राहिल्या.

"मंगेशभाऊ, इरेजर घेतला का मास्क?"

"मास्क, वहिनी."

"मंग हात वापस आना."

दादा चिडले. "जित्या माणसाचा हात बोर्डावर? लोक काय म्हनतीन?"

"चेहरा नका ठेवू माहा. हात ठेवा. बांगड्या हायेत त्याच्यात."

फोटोत मनगटभर हिरव्या बांगड्या आहेत. मी वहिनींच्या हाताकडे पाहिलं. दोन्ही हात रिकामे होते. आदल्या दिवशी बायांनी उतरवल्या होत्या.

खरं सांगतो, मला राग आला. आणि तो कोणावर काढावा ते समजेना.

दादांनीही पाहिलं. मान फिरवली. मग एवढंच विचारलं, "छापाले कधी देतं?"

मी मास्कवर पांढरा ब्रश फिरवून हात परत आणला. मग कोपराकडून ग्रेडियंटची ओढ दिली. लांब, भाऊ द्यायचा तशी. बोटं आणि बांगड्या पूर्ण दिसतात, त्यांच्या मागे हात विरत जातो.

म्हणून तो हात आहे तिथं. कोणाला काही म्हणायचं असेल तर मला म्हणा. वहिनींपर्यंत नेऊ नका.

आज सकाळी वहिनींनी घरात लावायला फोटो मागितला. बोर्डाचाच करू का, विचारलं.

"नाई. त्याचा मास्क डिलीट करा. दोघंही राहू द्या."

"पण वहिनी, हार घालायचा तर..."

"हार नाई घालत मी त्यायले. साधा फोटो म्हनून लावीन."

डिलीट केला. वहिनी जशाच्या तशा भाऊच्या बाजूला आल्या, बांगड्यांसकट. आता हसण्याचं कारण दिसते.

दुपारी फ्रेम करून दिली. सगळ्या लेयरसकट मूळ फाइल सेव्ह करून ठेवली आहे. एकही लेयर मर्ज करून कायमचा चिकटवला नाही, भाऊ.

पण तुले कायची घाई होती बापा?

नमस्कार.