एक हात खिशात

"साडेतीनशे! मागितलं तीनशे, देतोय साडेतीनशे. ह्यो व्होल्टेज न्हाई, उधळलेला रेडा हाय!" काका खालून ओरडले.

"मग बांधा की," काकू म्हणाल्या. "गोठ्यातच तर बसलाय."

घोटावड्यातल्या माझ्या भाड्याच्या खोलीखाली हे रोज चाले. कंपनीची कॅब मला सोडून गेली, की मी वर पलंगावर बसून ऐकत असे. आमच्या घरमालक काकांइतका एकाच हाताने जगणारा धडधाकट माणूस मी दुसरा पाहिलेला नाही. ते कारखान्यात वायरमन होते. चालू यंत्र तपासताना एक हात खिशात ठेवावा, म्हणजे शॉक छातीतून आरपार जात नाही, असं तिथे ते शिकले होते. निवृत्तीनंतर त्यांनी तो नियम साऱ्या संसाराला लावला. डावा हात पायजम्याच्या खिशात ठेवूनच ते भाकरी मोडत, फाटक उघडत. पुतण्याच्या लग्नात अक्षताही त्यांनी तशाच टाकल्या. म्हशी विकल्यावर रिकाम्या झालेल्या गोठ्यात त्यांनी जुन्या रेडिओंचे व्हॉल्व्ह, म्हणजे दिव्यासारख्या पेटणाऱ्या काचेच्या नळ्या, जमवून अँप्लिफायर बांधायला घेतला होता. मोजलेले व्होल्टेज ते खडूने भिंतीवर लिहीत. काकूंनी एकदा सारवताना भिंत पुसली, तर दोन दिवस ते त्यांच्याशी बोलले नाहीत.

साडेतीनशेचं कोडं त्यांनीच सोडवलं. ट्रान्सफॉर्मरची तार दोनशेवीस व्होल्टच्या खुंटीवर होती आणि आमच्याकडे वीज कधी कधी अडीचशेच्या वर जाई. तार पुढच्या, अडीचशेच्या खुंटीवर नेली, रेडा बसला. पण स्पीकरमधली घरघर काही जाईना. काकांनी एकाच हाताने वायरी पिळल्या, डब्याला पत्रा ठोकला, अर्थिंगसाठी अंगणात खड्डा खणून त्यात मीठ-कोळसा भरला. दिवाळीला लेक येणार होती. "बाबा, पुरे झालं आता," असं ती फोनवर म्हणाली होती आणि काकांनी तिला शब्द दिला होता: दिवाळीला यावर गाणं ऐकवीन, नाही जमलं तर सगळं भंगारात.

"ताई, तुमी गावाला गेलात की ह्यो गप असतो बघा," ते मला एकदा जिन्यात म्हणाले. "तुमची आठवण काढत असंल." आणि शेजाऱ्याला अभिमानाने सांगितलं, "आमच्या ताई लई शांत. वरून आवाज म्हणून येत न्हाई."

त्याच संध्याकाळी मी लोडशेडिंगमध्ये कॉम्प्युटर चालावा म्हणून आणलेला माझा स्वस्तातला यूपीएस बंद करून पाहिला. खालची घरघर थांबली. चालू केला, परत आली. मी इलेक्ट्रॉनिक्स शिकले होते. इतकं तर मला पहिल्याच आठवड्यात कळायला हवं होतं. सांगायचं वाक्य मी वर पाठ करायची, आणि जिन्याच्या शेवटच्या पायरीवर ते नाहीसं व्हायचं. खाली काका खड्डा आणखी खोल करत असायचे. असे तीन आठवडे गेले.

ती खोली सोडून आता वर्षं झाली. अजूनही प्लग लावताना माझा डावा हात आपोआप खिसा शोधतो.

त्या दिवाळीत, धनत्रयोदशीच्या सकाळी काकू म्हणाल्या, "दुपारी भंगारवाला येतोय." एक शेवटचा कपॅसिटर बदलतो, एवढंच काका पुटपुटले. मी वर गेले, यूपीएस बंद केला, त्याची वायरही भिंतीतून उपटली आणि खाली आले.

गोठ्यातली घरघर थांबली होती. व्हॉल्व्ह तांबूस उजळले होते. "आगं, गप झाला! कपॅसिटरच होता मुडदा!" काका ओरडले. मी राहायला आल्यापासून पहिल्यांदाच त्यांचा डावा हात खिशाबाहेर आला, आणि दोन्ही हात त्या डब्यासमोर जोडले गेले. काकू पदराने डोळे टिपत होत्या.

गप्प राहिले असते, तर माझा कॉम्प्युटर सुरू होईपर्यंत सगळे सुखात असते.

"काका," मी म्हणाले, "कपॅसिटर नव्हता. घरघर माझ्या यूपीएसची होती. मला तीन आठवडे माहीत होतं. लेक येईल तेव्हा तो बंदच ठेवीन, फक्त मलाही खाली ऐकायला बोलवा."