दुधाच्या डब्यातला निळा

फोन आला तेव्हा मी क्लासमध्ये एका मुलीला वाकून उभं राहण्यावरून ओरडत होते. पलीकडून दत्तूभाऊंच्या सुलभावहिनी एवढंच म्हणाल्या, "बाई, हे गेले... सकाळी चा पिता पिता." मी "बरं" म्हणाले. असं कुणी म्हणतं का? पण म्हणाले, फोन ठेवला आणि मुलींना पुन्हा पहिल्यापासून नाचायला लावलं. दहा मिनिटांनी मला रडू आलं, तेव्हा मुलींना वाटलं त्यांचंच काहीतरी चुकलं.

दत्तूभाऊ शिवलकर हे नाव रत्नागिरीबाहेर फारसं कुणाला ठाऊक नसेल. कार्यक्रमपत्रिकेत 'प्रकाशयोजना' हा शब्द अगदी तळाला असतो, तिथं ते आयुष्यभर सुखानं राहिले. दर्यावर जाणाऱ्या खारव्याच्या घरात जन्मून ह्यांना बोट लागायची, म्हणून वडिलांनी वायरमनच्या हाताखाली घातलं. मांडवात माळा लावता लावता ते नाटकाकडे आले आणि मग नाचाकडे. पावसजवळच्या एका देवळाच्या आवारात नाटक होतं. त्यांनी पहिल्यांदाच भाड्यानं डिमर आणलेला. शेवटी आई मरते, तिथं ह्यांनी दिवे हळूहळू उतरवत पूर्ण काळोख केला. प्रेक्षकांतून एकच ओरड, "लाईट गेली!" आणि एका भल्या माणसानं गॅसबत्ती पेटवून थेट मेलेल्या आईच्या उशाशी नेऊन ठेवली. आई डोळे मिचकावत उठून बसली. "बाई, इतक्या प्रेमानं आणलान त्यानं, रागवायचा तरी कसा?" हे सांगताना दत्तूभाऊ हसून हसून खोकायला लागायचे.

पण त्यातून त्यांनी एक सवय उचलली. दूध पावडरच्या रिकाम्या डब्यात झिरोचा बल्ब, डब्याच्या तोंडाला निळा जिलेटिन कागद, आणि तो डबा विंगेच्या कोपऱ्यात. सगळे दिवे विझले तरी तो जळत राहायचा. "काळोख केला तरी लोकांना कळूंदे, लाईट गेलेली नाय. कोणीतरी हाय बटनावर." एका स्पर्धेत परीक्षकांनी 'शेवटी प्रकाशगळती' असा शेरा मारला. दत्तूभाऊ म्हणाले, "गळती नाय ती, ठेवलेला हाय."

लग्न होऊन मी रत्नागिरीत आले आणि क्लास काढला, तेव्हापासून माझे सगळे कार्यक्रम त्यांनीच केले. तालमीला दोनदा येऊन नुसते बसायचे. मग एखादाच प्रश्न. "इथं तुमी वाट बघताय, का रागावलाय?" मला स्वतःलाच ते माहीत नसायचं. घरी जाऊन मी तो तुकडा नव्यानं बसवायची आणि श्रेय अर्थातच स्वतःकडे ठेवायची.

मग मला मुंबईच्या एका मोठ्या महोत्सवात नाचायला बोलावलं. मी हवेत होते. "दत्तूभाऊ, तो डबा तेवढा आणू नका. तिथले लोक हसतील आपल्याला." ते "बरं" म्हणाले आणि डबा फळीवर ठेवून दिला. नाच सुरेख झाला. शेवटी गच्च काळोख, आणि टाळ्यांचा कडकडाट. पण त्या काळोखात मला विंग सापडेना. दोन्ही हात पुढे पसरून मी नवशिक्या पोरीसारखी चाचपडत राहिले. इतकं एकटं मला रंगमंचावर कधीच वाटलं नव्हतं... बाहेर आल्यावर त्यांनी विचारलं, "काळोख कसा वाटला?" मी म्हणाले, "छान. हवा तसाच."

खोटं बोलले. त्यानंतर इतरांच्या कार्यक्रमांत तो डबा असायचा, माझ्या नाही. आठ वर्षं मी ठरवत होते, पुढच्या वेळी सांगू. एक वाक्य तर होतं! पण नाक आडवं आलं.

ते गेले तेव्हा क्लासचा वार्षिक कार्यक्रम महिन्यावर होता. तेराव्यानंतर वहिनी पिशवी घेऊन आल्या. बाजारात मासळीच्या पाटीमागे बसून उभा बाजार गाजवणारी बाई, त्या दिवशी आवाज पार बसलेला. "मला ह्यातला काय कळत नाय. पण तुमचा नाव हाय." पिशवीत वही होती आणि तो डबा. वहीत माझ्या प्रत्येक कार्यक्रमाला एक पान, आणि मुंबईनंतरच्या प्रत्येक पानावर शेवटची ओळ तीच : 'शेवट. निळा? बाईंना विचारणे.'

"मग विचारलं का नाही कधी?"

"म्हणायचे, बाईंनी आपणहून सांगितला तर लावीन."

दोघीही रडलो, मग चहा घेतला.

दत्तूभाऊंकडेच शिकलेली केतकी आता मुंबईत दिवे करते. ती खास आली. त्यांच्या वहीतलं, ह्या कार्यक्रमासाठी आधीच लिहिलेलं पान पुढ्यात घेऊन तिनं सगळं तसंच लावलं आणि शेवटच्या ओळीवर बोट ठेवून माझ्याकडे पाहिलं. मी तिच्या हातातली पेन्सिल घेतली आणि त्या प्रश्नचिन्हापुढे लिहिलं, 'हो.'

शेवटचा नाच माझा होता. दिवे उतरत गेले, काळोख झाला आणि विंगेच्या कोपऱ्यात तो निळा उरला. तेवढ्यात पहिल्या रांगेतून वहिनींचा आवाज आला, बाजारातला, पूर्वीसारखा खणखणीत : "लाईट गेली नाय हां!"

लोक हसले, मग टाळ्या सुरू झाल्या. मी हात न पसरता विंगेत गेले.